सिडनीत कोण आहे?

"काय गो, माझी मालिका खंय गेली?" सासूबाई ओरडल्या. टीव्हीवर पाटी आली होती : तुमचं खातं दुसरीकडे वापरात आहे. खातं माझ्या नावावर, पासवर्ड फक्त मला आणि नवऱ्याला ठाऊक. कुठे वापरात आहे ते मी फोनवर बघितलं. सिडनी!

माझा नवरा धनेश मालवाहू जहाजावर आहे. निघताना म्हणाला होता, "अनु, पॅसिफिकमध्ये शिरलो की फोन विसर. तिथे नेट नसतं." गणपतीतसुद्धा फोन नाही, तरी लालबागभर मी "बोटीवर आहे ना" सांगत फिरले. आणि हे महाराज सिडनीत कुणाच्या तरी सोफ्यावर बसून आमच्याच खात्यावर मालिका बघतायत! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाईच असतली," सासूबाई म्हणाल्या. पोटचा पोर, पण बाजू माझी घेतली.

धनेशची चुलत बहीण नूपुर जहाजांवर अँटेना बसवणाऱ्या कंपनीत आहे. तिला परळहून बोलावून घेतलं. फोन बघून ती हसायलाच लागली. माझा तिच्यावरही विश्वास बसेना. रक्ताची माणसं एकमेकांना सांभाळून घेणारच.

"वहिनी, दादा समुद्रातच आहे गं. जहाजाचा सिग्नल वर उपग्रहाकडे जातो. आधी त्याच उपग्रहाला जमिनीवरचं स्टेशनही दिसायला लागायचं, आणि भर समुद्रात स्टेशन बांधणार कोण? आता एक उपग्रह दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला लेझरने सिग्नल पास करतो. शेवटचा तो सिडनीच्या स्टेशनवर उतरवतो. म्हणून खात्याला वाटतं, बघणारा सिडनीत आहे."

सासूबाईंनी देवाला हात जोडले. "माझो झील दर्यातच आसा गो!" मलाही हायसं वाटलं. चहा टाकला आणि गॅसपाशीच थबकले.

"नूपुर, म्हणजे भर समुद्रात नेट आहे?"

"एकदम मस्त! व्हिडिओ कॉलपण होतो." बोलून झाल्यावर तिने जीभ चावली.

सिडनीत बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मालिकेच्या झिंज्या कुठून धरू? बाई नाही, काही नाही. त्याला फक्त माझ्याशी बोलायचं नव्हतं. हे फार लागलं.

मी रडले नाही. खात्याचा पासवर्ड बदलला. चहा उकळायच्या आत फोन वाजला.

"अनु? कशी आहेस गं?" मग जरा थांबून, "ते... पासवर्ड बदललास काय?"