मशालीचा मान

"जपून रे! बोटं जातील!"

प्रुइट ओरडला आणि ‘काँगरी’ची शेवटची तोफ दोरांवरून घसरत जहाजाच्या पोटात उतरली. आता बाहेरून बघणाऱ्याला हे साधं मालवाहू जहाज वाटलं असतं.

काल वाटेत भेटलेल्या इंग्रज गलबताने वर्तमानपत्रं दिली होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध एप्रिलमध्येच संपलं होतं. दक्षिण हरली होती. आणि दक्षिणेचे हे बहाद्दर ऑगस्ट उजाडला तरी उत्तरेची व्हेल मारणारी जहाजं जाळत बसले होते! लढवय्ये म्हणून निघालेले, आता चाचे ठरले. लिव्हरपूल गाठून इंग्रजांच्या हवाली व्हायचं, एवढंच उरलं होतं.

प्रुइटला मात्र वेगळंच खुपत होतं. पकडलेलं जहाज जो पेटवेल, त्याला कप्तानाच्या उजव्या हाताला बसवून जेवू घालायची रीत होती. अकरा जहाजं जळाली आणि अकराही वेळा मशाल त्याच्या सोबत्याच्या, मेरियमच्या हातात! नौदलात मेरियमहून दोन वर्षं जुना असूनही प्रुइट आपला कैद्यांना होड्यांत उतरवत राहिला.

"नशीबवान आहेस लेका," मेरियम म्हणाला. "तुझे हात कोरे. फास माझ्याच गळ्यात पडणार."

"त्यातही तूच पुढे," प्रुइट पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"दोर नीट गुंडाळ म्हटलं."

नोव्हेंबरात लिव्हरपूलला नांगर पडला. इंग्रज अधिकारी डेकवर आला, सगळ्यांना रांगेत उभं केलं, वही उघडली.

"एप्रिलनंतरची जहाजं कोणी पेटवली? त्याची चौकशी होईल. बाकीचे आजच सुटतील."

मेरियमचा चेहरा पांढराफटक पडला. तिकडे अमेरिकेत, सवानाला प्रुइटची बायको तीन वर्षं वाट बघत होती. तोंड मिटून राहिला की तो घरी. तेवढ्यात कप्तानाने मेरियमच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी बापाने ठेवावा तसा. तो हात बघितला आणि प्रुइटच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी पेटवली," तो पुढे होत म्हणाला.

कप्तानाने चमकून पाहिलं.

"खोटं!" मेरियम उसळला. "सगळी माझी आहेत. याने साधी काडीसुद्धा ओढली नाही!"

"गप्प बस!" प्रुइटचा आवाज फाटला, डोळे भरून आले. "तीन वर्षं सगळं तूच घेतलंस. एवढं तरी राहू दे ना मला!"

अधिकाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"दोघांचीही नावं सांगा."

प्रुइटने घाईघाईने आपलं नाव आधी सांगितलं.