वाढत्या अंगाची गँट्री

शिंप्याच्या पोरीला आयुष्यात एकही कपडा मापाचा मिळू नये, याला काय म्हणावं? चिमीच्या बाबतीत तसं झालं होतं खरं. अण्णांच्या हातचे कपडे घालून अख्खी गल्ली ऐटीत फिरायची आणि त्यांची स्वतःची लेक बाह्या दुमडून शाळेत जायची. पोरीचं अंग वाढतं आहे, जास्तीचं ठेवलेलं बरं, असं अण्णांचं म्हणणं. पोरगी काही वाढली नाही. तिशी ओलांडली तरी चिमी ती चिमीच राहिली, आणि शिवणीत दुमडलेलं कापड तसंच आत पडून राहिलं.

कपड्यांचं तिने सोसलं. गँट्रीचं सोसवेना.

मामाच्या गोदामातली चिठ्ठ्या चिकटवायची नोकरी सोडून चिमीने घरच्या घरी सीएनसी राउटर बांधायला घेतला होता. म्हणजे लाकूड कोरणारं यंत्र: खाली भक्कम फ्रेम, फ्रेमवर टेबल आणि टेबलावरून पुढेमागे सरकणारी एक कमान. ती कमान म्हणजे गँट्री. तिच्या आडव्या तुळईला फिरतं पातं लटकतं आणि संगणकाच्या हुकमाप्रमाणे कोरत जातं. हे सगळं कशासाठी, तर अंध मुलांच्या शाळेला बोटांनी वाचायचे लाकडी नकाशे हवे होते. नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही पडला, तर पुन्हा मामा आणि पुन्हा त्याच चिठ्ठ्या.

आराखड्यात तिने जीव ओतला होता. फ्रेमच्या पायांच्या पाइपांत वाळू ठासली. तुळई एक नाही, एकावर एक दोन चौकोनी पाइप, आणि मागून पत्रा मारून त्यांची पेटीच केली, म्हणजे पिळायचं नाव नको. आणि गँट्रीचे पाय आखूड, जेमतेम वीतभर. नकाशाची फळी बोटभर जाडीची, मग पाय उंच कशाला? पात्याने लाकडाला दात लावला की सगळा हिसका पायांना बसतो, आणि पाय दुप्पट उंच केला तर तो दुप्पट नाही, आठपट वाकतो. हे तिने अण्णांना एकदा समजावून सांगितलं होतं. लोखंड कसलं वाकतंय, म्हणून ते हसले होते.

नेमकं तिला तापाने गाठलं आणि पायांचा आराखडा वेल्डरकडे घेऊन गेले अण्णा. पाय आले ते दुप्पट उंचीचे. वर त्यांना स्वतःच्या हाताने निळा रंगही लावलेला. आजारी लेकीला तेवढाच आनंद. जास्तीचं ठेवलंय थोडं, उद्या जाड लाकूड आलं तर पंचाईत नको, असं त्यांनी वेल्डरला सांगितलं म्हणे, आणि वेल्डरने त्यांचं पांढरं डोकं बघून ऐकलं. आईनेही उंच छान दिसतंय म्हणून घेतलं. अंगात कणकण असलेली चिमी काय बोलणार? तिने पाय बसवले आणि नमुना कोरला.

डोळ्यांना नकाशा सुरेख दिसत होता. डोंगर उठून आलेले, नद्यांच्या खाचा रेखीव, समुद्र गुळगुळीत. शाळेतल्या बाई स्वतः अंध होत्या. त्यांनी फळी मांडीवर घेतली, डोंगर चढल्या, नदी उतरल्या आणि समुद्रात पोचल्यावर त्यांची बोटं थांबली.

"या एवढ्या नद्या समुद्रात कुठे निघाल्यात?" त्यांनी विचारलं.

चिमीने फळी उजेडात तिरपी धरली तेव्हा तिला दिसलं. थरथरलेल्या पात्याने समुद्रभर बारीक रेघा ओढल्या होत्या. बाई रागावल्या नाहीत. मुलं बोटाला लागेल ते खरं मानतात, त्यांना खोटं शिकवता येणार नाही, असं म्हणाल्या. अजून एक नमुना बघू, तोही असाच निघाला तर मात्र आम्ही दुसरीकडे विचारू, असंही त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर अण्णांनी उपायांचा सपाटा लावला. फ्रेमवर वाळूच्या पिशव्या ठेव. टेबलाखाली रबर घाल. पातं हळू चालव. चिमीने तुळईला हाताने ढकलून दाखवलं: फ्रेमला लावलेल्या, केसभर हालचाल मोजणाऱ्या गेजचा काटा जागचा हलला नाही आणि तुळईवरच्या गेजचा काटा नाचायला लागला. म्हणजे वाकत होते ते मधले पाय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला कशाला? अण्णा म्हणाले, तो काटाच खराब असणार. घालायचं ते सगळं त्यांना सुचत होतं. कापायचं तेवढं सुचत नव्हतं.

मग तिने पाय कापायला ग्राइंडर उचलला. अण्णा आडवे आले. कापलेलं परत जोडता येत नाही, घाई करू नको, उद्या लागलं तर काय करशील, सगळं तेच ते.

"काय लागणार आहे उद्या?" चिमी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "शाळेत असल्यापासून मी तुमचा उद्या अंगावर घालून फिरतेय, अण्णा. तो आलाच नाही. मी आहे ती एवढीच आहे. एवढ्या मापाचं एकदा तरी काही दिलंत का मला?"

आई दारातून आत गेली. अण्णांनी खिशातून खडू काढला, भिंतीवरचा आराखडा जवळून पाहिला, गळ्यातली टेप निळ्या पायाला लावली आणि रेघ मारली. चिमीने पाहिलं तर रेघ तिच्या मापापेक्षा बोटभर वर. ती नुसती बघत राहिली. अण्णांनी अंगठ्याने रेघ पुसली आणि तिच्या मापावर मारली. दुसऱ्या पायाला त्यांना रेघ पुसावी लागली नाही.

ती कापत असताना ते तोंड फिरवून उभे होते. पाय टेबलावर बसवायच्या तळाच्या पट्ट्या वेल्डरने पुन्हा जोडून दिल्या, आणि हे आधीच का नाही सांगितलं, असं वर चिमीलाच विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा.

दुसऱ्या नमुन्यावर बाईंची बोटं समुद्रात बराच वेळ फिरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली, परत आली.

"आता समुद्र आहे," त्या म्हणाल्या, आणि किती दिवसांत किती नकाशे देता येतील ते विचारू लागल्या.

चिमी घरी आली तेव्हा अण्णा टेबलावर जाड कापड पसरून बसले होते. तिला कामासाठी एप्रन बेतत होते. कापड सरकू नये म्हणून त्यावर गँट्रीच्या पायांचे कापलेले दोन निळे तुकडे ठेवले होते. काम मिळालं, असं तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण खडू थांबला नाही.

"जास्तीचं किती धरलंय?" तिने विचारलं.

"शिवणीपुरतं," ते म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. तिने त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली, आधी स्वतःच्या अंगाला लावली, मग कापडाला. शिवणीपुरतंच होतं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. म्हणजे तिच्या मापाचं बेतता येत होतं त्यांना, इतकी वर्षं.