सबनीसांवर कोणाची पाळत

घरच्या इंटरनेटमध्ये मधे कोणीतरी बसून सगळं वाचतंय, एवढं सिद्ध झालं असतं तर जयप्रकाश सबनीसांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. पुनर्विकास समितीचं अध्यक्षपद तर वाचणारच होतं. समितीने निवडलेल्या बिल्डरचं नाव सभेआधीच फुटलं, त्याचा ठपका त्यांच्या तोंडावरून उठून एका वायरवर जाऊन बसणार होता. पण खरी कमाई याहून मोठी होती. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सबनीसांचं बोलणं घरात कोणी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. ते वाक्याच्या मध्यावर आले की पत्नी जयमालाबाई कुकर लावायला उठत, आणि मुलगा अभिराम कानात इअरफोनची बोंडं घालून मान हलवत राही. अशा माणसाचं बोलणं कोणीतरी चोरून ऐकतंय, त्यासाठी यंत्रं लावतंय, रात्रीचा दिवस करतंय, म्हणजे केवढा मान. इतका तर त्यांना निरोप समारंभातही मिळाला नव्हता.

आमची सोसायटी कोपरखैरण्यातली, जुनी, प्लास्टर सुटलेली. पुनर्विकास हा इथला एकमेव धर्म, आणि त्यात दोन पंथ: एक सबनीसांचा, दुसरा बी विंगमधल्या नंदकुमार गायकवाडांचा. निवडलेला बिल्डर समितीतल्या तिघांनाच ठाऊक होता. सबनीसांनी उरलेल्या दोघांना त्याचं नाव मेलने कळवलं, आणि आठवड्याच्या आत नंदकुमार जिन्यात उभं राहून त्या बिल्डरची कुंडली वाचून दाखवू लागले. दोघांनी देवाशपथ सांगितलं की आम्ही बोललो नाही. सबनीसांनी स्वतःवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता, तशी सवय नव्हती. म्हणजे मेल वाटेत फुटला. आणि वाट म्हणजे शिवतेजची वायर.

शिवतेज साळुंखे आमच्या ओळीतल्या बिल्डिंगांना इंटरनेट पुरवायचा. त्याचे वडील सयाजी साताऱ्याकडून आलेले, एपीएमसी मार्केटात कांद्याची पोती वाहून त्यांची पाठ वाकली. पोराने पाठीऐवजी डोकं वापरायचं ठरवलं. आधी दुसऱ्याच्या हाताखाली वायरी ओढल्या, मग गच्चीवर स्वतःची पेटी बसवली. बायको तेजश्री घरी बसून तक्रारींचे फोन घ्यायची, आणि भर दुपारी नेट गेलं तरी हा शिडी खांद्यावर टाकून हजर. आमची सोसायटी त्याचं पहिलं गिऱ्हाईक. या ओळीतल्या बिल्डिंगा एकमेकींकडे बघून रंग लावतात आणि एकमेकींकडे बघून वॉचमन बदलतात. आम्ही शिवतेजला काढलं असतं तर बाकीच्यांनी कारणसुद्धा विचारलं नसतं. हे त्यालाही माहीत होतं, सबनीसांनाही.

सबनीसांनी तपास सुरू केला. प्रथम राउटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पासवर्ड इतका लांब ठेवला की तो त्यांनाच टाइप करता येईना. त्यानंतर सापळा लावला: एका खोट्याच बिल्डरचं नाव घालून स्वतःलाच मेल पाठवला आणि नंदकुमार कधी बोलतात याची वाट बघत बसले. नंदकुमार काहीच बोलले नाहीत. यावरून कोणी शहाणा म्हणाला असता की मेल फुटत नसावा. सबनीसांनी निष्कर्ष काढला की पलीकडचा माणूस भलताच हुशार आहे.

शेवटी एका व्हिडिओत त्यांना खरी परीक्षा सापडली, आणि ती परीक्षा चांगली होती हे कबूल करायला हवं. प्रत्येक साइटजवळ एक सर्टिफिकेट असतं, त्यावर ते देणाऱ्या संस्थेचं नाव असतं, आणि पत्त्याशेजारच्या छोट्या चिन्हावर टिचकी मारली की ते दिसतं. वाटेत कोणी पाकीट फोडून वाचलं आणि परत चिकटवलं, तर शिक्का त्या फोडणाऱ्याचा उमटतो. म्हणून घरच्या नेटवर एकदा बघायचं, बाहेरच्या नेटवर एकदा बघायचं, आणि दोन्ही शिक्के जुळतात का ते ताडायचं. सबनीसांनी दिवाणखान्यातल्या लॅपटॉपवर वायफायने बघितलं. शिक्का कुठल्याशा अनोळखी नावाचा. मग वायफाय बंद करून मोबाइलवर, मोबाइलच्याच नेटने बघितलं. शिक्का वेगळा, सगळ्या जगाचा असतो तसा.

साठीनंतर माणूस इतका खूश झालेला मी पाहिलेला नाही. जयमालाबाईंनी मात्र एवढंच विचारलं म्हणतात, "म्हणजे आपल्याला भीती वाटायला हवी, की पेढे आणू?"

दुसऱ्या दिवशी बोर्डावर विशेष सभेची नोटीस लागली: सभासदांच्या खासगीपणावर हल्ला, सध्याचा इंटरनेटवाला काढून मोठ्या कंपनीची लाइन घेणे.

पुराव्याचा छापील कागद सुनेच्या, क्षिप्राच्या, नजरेस पडला तो सकाळच्या चहाबरोबर. क्षिप्रा अंधेरीच्या एका कंपनीत नोकरीला, आणि मुलगी लहान म्हणून घरून काम करण्याची सवलत तिने मोठ्या मिनतवाऱ्यांनी मिळवलेली. कागदावरचं ते अनोळखी नाव बघून तिने कप खाली ठेवला. ते नाव तिला रोज सकाळी काम उघडताना दिसायचं.

"बाबा, हा शिक्का आमच्या ऑफिसचा आहे. तुम्ही हे माझ्या लॅपटॉपवर बघितलंत?"

"घरातला लॅपटॉप आहे."

"घरात आहे. घरातला नाही."

हा फरक सबनीसांना कळण्यातला नव्हता. त्यांच्या घरात आलेली वस्तू घराची होते, मग ती सुनेच्या माहेरची कढई असो की तिच्या ऑफिसचं यंत्र. तिने एकदा घाईत पासवर्ड सांगितला होता. तेव्हापासून ती जेवायला बसली की सासरे तिच्या खुर्चीत बसून समितीचे मेल धाडत. स्वतःचा कॉम्प्युटर जुना झाला होता, आणि घरात चालतं यंत्र असताना नवा घेण्याइतके ते वेडे नव्हते. ऑफिसचा नियम मात्र असा की त्या लॅपटॉपवरून जे जाईल येईल ते सगळं ऑफिस उघडून तपासणार. म्हणजे सबनीसांचा मेल मधे कोणीतरी खरोखरच उघडत होतं. फक्त तो मधला शिवतेज नव्हता, अंधेरीतलं एखादं कंटाळलेलं यंत्र होतं.

क्षिप्राने त्यांच्यासमोर परीक्षा परत घेतली. लॅपटॉप मोबाइलच्या नेटला जोडला. शिवतेजची वायर त्यात कुठेच नव्हती, तरी शिक्का ऑफिसचाच. मोबाइल घरच्या वायफायला जोडला, म्हणजे आता सगळं शिवतेजच्याच वायरीतून. शिक्का स्वच्छ. सबनीसांनी वायर बदलली होती ती यंत्रासकट, आणि दोन्हींमधला चोर कोण हे ठरवताना गरिबाचं नाव आधी घेतलं होतं.

त्यांनी सगळं नीट बघितलं. बँकेतला माणूस, चूक कळली नाही असं नव्हतं.

"आता नोटीस लागली आहे," ते म्हणाले.

"मग काढा."

"सोसायटीची नोटीस म्हणजे काय वाळत घातलेला टॉवेल आहे, काढला आणि घडी घातली?"

अभिराम त्या वेळी कानातली बोंडं शोधत होता.

रविवारी खालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या गेल्या. सबनीसांनी पाकीट, शिक्का, चोर असं सगळं समजावून सांगितलं. लॅपटॉप कोणाचा, एवढंच सांगायचं राहिलं. शिवतेज बाजूला उभा होता. खुर्ची दिली तरी तो बसला नाही. त्याने सांगितलं की माझी पेटी बघायची तर आत्ता गच्चीवर चला, कुलूप उघडून देतो. कोणी उठलं नाही. गच्चीवर जायला लिफ्ट नाही.

"काका, तुमचा मेल वाचून मला काय भेटणार हाय?" त्याने सबनीसांना विचारलं. "माझ्याकडं येणाऱ्या कंप्लेंटी वाचायलाच मी पुरा पडत नाय."

थोडं हसू झालं. मग क्षिप्रा उठली. तिने लॅपटॉप माझा, शिक्का माझ्या ऑफिसचा, आणि वापरणारे बाबा, असं तीन वाक्यांत सांगितलं आणि बसली. सबनीस समोरच्या झाडाकडे बघत राहिले, जणू सून त्या झाडाची होती.

आता नंदकुमारांना राहवेना. "सबनीससाहेब, नाव फुटायला वायर कशाला हवी? रोज सकाळी कंपाउंडमध्ये फेऱ्या मारताना तुमी फोन स्पीकरवर ठेवता. अख्ख्या बी विंगला तुमचा बिल्डर पाठ हाय. आमी फक्त ऐकून घेतलं."

सगळे मनापासून हसले. खरं म्हणजे सभा इथेच संपायला हवी होती. शिवतेजने कपाळ पुसलं, मोबाइल काढून घरी काहीतरी कळवलं, बहुतेक सुटलो म्हणून.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सिताराम जाधवांनी घसा साफ केला. ते सहसा सभेत बोलत नाहीत, झोपतात. त्यांनी विचारलं, बघत नाही हे मान्य, पण समज बघायचं ठरवलंच, तर तुला काय काय दिसतं?

शहाण्या माणसाने इथे खोटं बोलायचं असतं. शिवतेज म्हणाला, "आतलं काय नाय दिसत, काका. मेल, मेसेज, बँकेचं, काय नाय. कुठल्या घरातून कुठली साइट उघडली, तेवढं कळू शकतं. पण मी बघत नाय."

मघाशी पोट धरून हसणारे पुरुष आपापल्या चपलांचे अंगठे निरखू लागले. जाधवांच्या बायकोने जाधवांकडे बघितलं, जाधवांनी कुठेच बघितलं नाही. नंदकुमार, ज्यांनी आत्ताच त्या पोराला सोडवलं होतं, ते म्हणाले की तसा मुलगा चांगला आहे, पण उगाच रिस्क कशाला. रिस्क हा शब्द मग खुर्च्यांच्या रांगांतून फिरला. क्षिप्राने पुन्हा उठून सांगितलं की मोठ्या कंपनीलाही नेमकं एवढंच दिसणार आहे. तिला उत्तर मिळालं की ते मोठे लोक, त्यांना आपल्याकडे बघायला वेळ कुठे. खरं कारण वेगळं होतं. ज्याला आपलं सगळं दिसू शकतं तो जिन्यात भेटता कामा नये, एवढीच लोकांची अट असते. देवालाही त्यांनी याच हिशेबाने वर ठेवलाय.

हात वर झाले. दोन्ही पंथांचे, इतक्या एकमुखाने की पुनर्विकासाला अशी एकी मिळाली असती तर टॉवर उभा राहिला असता. जयमालाबाई आणि क्षिप्रा, दोघींचेच हात मांडीवर होते.

शिवतेजने वाद घातला नाही. महिना संपेपर्यंत चालू ठेवतो, कोणाचं काम अडायला नको, म्हणाला, आणि शिडी उचलून गेला.

पावसाळा यायच्या आत ओळीतल्या बाकीच्या बिल्डिंगांनी त्याला काढलं. कारण कोणी विचारलं नाही. आमच्याकडे काहीतरी झालं एवढं पुरलं. गच्चीवरची पेटी त्याने मिळेल त्या किमतीला विकली, आणि आता तो घणसोलीत दुसऱ्याच्या वायरी ओढतो. तेजश्री एका दुकानात काउंटरवर उभी असते. क्षिप्राचं बोलणं इतक्या लोकांनी ऐकलं होतं की लॅपटॉप सासरे वापरत होते हे तिने स्वतःच ऑफिसला कळवून टाकलं. ऑफिसने समज दिली, घरून काम करण्याची सवलत काढून घेतली, आणि आता ती रोज अंधेरीला जाते. मुलगी संध्याकाळी खिडकीत बसते. नव्या कंपनीची लाइन गेली की एक बाई फोनवर इंग्रजीत आपल्याला धीर धरायला सांगते. दोन दिवस धरावा लागतो.

आणि सबनीस? नाव फुटल्याचा विषय त्या सभेत असा बुडाला की परत कोणी काढलाच नाही. अध्यक्षपद शाबूत आहे. पाळतीची गोष्ट ते आता शेजारच्या सोसायट्यांतही सांगतात, निमंत्रणावरून.

तर याचं मोल भरलं कोणी: शिवतेजने धंदा भरला, तेजश्रीने घर, क्षिप्राने आपल्या सगळ्या संध्याकाळी, आणि तिच्या मुलीने, कोणी न विचारताच, आपला वाटा. आमच्यापैकी ज्यांचे हात वर होते, त्यांचं सगळ्यांचं मिळून काहीच गेलं नाही.