मी तारायानाची टाकी झालो

मी एक जुना पिवळा सिलिंडर आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातला नव्हे, मालवणच्या समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरचा. मला घडवलं तेच ठोकून आणि दाबून. मग कॉम्प्रेसर अख्खं न्हाणीघर भरेल एवढी हवा माझ्या पोटात कोंबायचा. ती आतून धडका मारायची, मी तिला आवळून धरायचो. हेच माझं आयुष्य.

बोटवाला धनेश मला जपायचा. बुडी संपली तरी थोडी हवा तो माझ्यात ठेवायचाच, नाहीतर समुद्राचं पाणी आत शिरून गंज चढतो. पुढे तपासणीत माझी मान कच्ची निघाली आणि स्वारी मला नारळाच्या सोडणांवर, म्हणजे सोललेल्या सालींच्या ढिगावर, फेकून मोकळी झाली. पोटातली हवा तशीच, थोडी खरी, पण मोटारीच्या चाकातल्यापेक्षा वीसपट दाबाची. मेल्याने वळूनही पाहिलं नाही.

धनेशची बहीण रश्मी मिठबावच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांच्या नाटकासाठी तिला तारायानाची इंधनटाकी हवी होती.

"ने गो बाय, कामाचो नाय तो," धनेश म्हणाला.

शाळेच्या पडवीत मला चंदेरी रंग लागला. रश्मी मुलांना सांगत होती, यानातलं इंधन मेलेल्या ताऱ्याचं. चमचाभर घेतलं तरी डोंगराएवढं जड, यानाची फळी फोडून खाली जाईल. पण खरी भीती वजनाची नाही. ताऱ्यावर ते स्वतःच्याच भाराने आवळलेलं असतं. चमच्यात आलं की पकड सुटली, मग ते असं उसळेल की यान, माणसं, काहीच उरणार नाही. ऐकून मी गार पडलो. अरे देवा, माझ्या पोटातही तसंच आवळलेलं आहे, आणि माझी मान कच्ची!

मुलं जेवायला गेली. रश्मीचा नवरा सत्यवान सुतार आहे. तो मला यानात बसवू लागला, पण माझ्या मानेवरचा नळ फळीला अडत होता.

"थांब, उडवतंयच ह्येका," म्हणत त्याने घण उचलला.

अरे बाबा, नळ हाताने फिरव, हवा फुसफुसत निघून जाईल! पण मला वाचा कुठली? पहिला घाव सोसला, दुसराही सोसला. मग मान तुटली.

मी सुटलो. यान फोडलं, सत्यवानाचा पाय चिरडला, चिऱ्याची भिंत फोडून अंगणात आदळलो. माझ्या चंदेरी अंगावर त्याचं रक्त होतं.

सत्यवान वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

"आत हवा आसा म्हणान सांगूक काय झाला तुका, दादा?" रश्मीने विचारलं.

धनेशने मान खाली घातली. "सगळेच ठेवतत. ता काय सांगूचा, असा वाटला माका."

मित्रांनो, जुनी वस्तू दुसऱ्याला द्याल तेव्हा तिच्या पोटात काय उरलंय ते सांगून द्या. मला बोलता येत नव्हतं. धनेशला येत होतं.