पुलावरचा हत्ती आणि रिकामा ट्रक

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी सोलापुरी चादर अंथरली की समजायचं, आता संध्याकाळपर्यंत ही माणसं कुणाचं ऐकणार नाहीत. चादरीचे चौकडे हाच पट. शेजारच्या गुरुलिंगच्या अमेरिकेतल्या मामेभावानं सत्त्याहत्तर साली एक पातळ पुस्तक पाठवलं होतं. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, सूत्रधारानं संकट सांगायचं आणि आपण त्यातून वाट काढायची, असा तो खेळ. त्यातले आग ओकणारे राक्षसी सरडे आमच्या उन्हात काय नवल करणार? म्हणून माझे दीर, गंगाधर भावजी, यांनी त्यांच्या जागी अस्वलं, डाकू, हत्ती आणि ट्रक आणले. भावजी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे कोण केवढं हे त्यांनी पक्कं ठरवून टाकलं. माणूस एक चौकडा. हत्ती दोन रुंद, तीन लांब. ट्रक दोन रुंद, चार लांब. फाशांऐवजी कवड्या, उताण्या पडतील तेवढे गुण.

मी प्रेमला, घरातली थोरली सून. नवरा भिलाईला नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. खेळातला चौथा गडी बदली होऊन गेला म्हणून मला बसवलं, हौसेनं नव्हे. सासूबाईंनी तेव्हाच अट घातली, "तुजं माणूस मेलं की तू उटायचं. पुन्ना बसायचं न्हाय. सैपाकघर कुटं पळून गेलं न्हाय."

पुरुषांना ही अट नव्हती. त्यांचं पात्र मेलं की पुढच्या रविवारी नवं घेऊन हजर, जणू पुनर्जन्माचा मक्ता यांनीच घेतलेला. माझ्याकडे एकच जीव होता, माहूत सोनाबाई. मी मातीचा बनवलेला तिचा हत्ती होता, आणि आठवड्यातली ती एक दुपार, जिच्यात मला कुणी भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगत नसे. ती गेली असती तर मला वेड लागलं असतं, हे मी आजही सांगते.

त्या रविवारी डाकू माझ्या पाठीमागे लागले होते. मी हत्ती पुलावर घातला. पूल म्हणजे चादरीवर ताणलेले दोन दोरे, मधे तीन चौकड्यांची रुंदी. हौद्यात माझ्यामागे गुरुलिंगचा वैद्य होता, पण गुरुलिंग शेंगा सोलत बसला होता. मेला तरी त्याचं काय बिघडणार होतं?

पुलाच्या मध्यावर समोरून ट्रक आला. म्हणजे एकाला एक चिकटवलेल्या दोन काडेपेट्या, आणि त्यामागे शिवपुत्र, भावजींचा मित्र, विमा कचेरीतला कारकून. मी खेळायला बसल्यापासून त्याचं तोंड आंबलेलं असायचं.

"दोन आणि दोन चार," गंगाधर भावजी म्हणाले. "पूल तीनचा. दोघं जाऊ शकत नाहीत."

"मग ट्रक मागं घ्या की," मी म्हणाले.

"हत्तीसाठी ट्रक रिव्हर्स घेऊ?" शिवपुत्र हसला. "सगळे डाकू तुमच्या मागं लागलेत वहिनी. त्यांचं ठाणं रिकामं हाय. तुमचं एकदा आटपलं की मी त्यांना चाकाखाली घेतो आणि सोनं उचलतो."

गुरुलिंगही हसला.

भावजींनी डाकू पुढे सरकवले. पुढच्या खेपेला ते गोळ्या झाडणार होते, आणि एवढ्या मोठ्या अंगावरचा नेम चुकत नाही हा नियमच होता. हत्तीला पुलावर वळता येत नव्हतं, वळायला लांबीपेक्षा एक चौकडा जास्त लागतो. उतरून ट्रकच्या कडेनं निसटले असते, उरलेला एक चौकडा माणसाला पुरतो. पण उंच जनावरावरून उतरायला अख्खी चाल जाते. माझ्याकडे एकच चाल होती.

"मी ट्रकला धडक देते," मी म्हणाले.

धडकेचा नियम सोपा होता. आकारानं जो मोठा, त्याला सात कवड्या. लहान त्याला पाच. ज्याचे गुण जास्त, तो दुसऱ्याला पुलाखाली लोटणार. बरोबरी झाली तर कुणीच हलत नाही. माझ्यासाठी ते मरणच होतं.

"ट्रकला सात," शिवपुत्रनं हात पुढे केला. "आठ चौकडे व्यापतो तो. हत्ती सहा."

"थांबा," मी म्हणाले. "पुलाच्या तोंडाशी काय ठरलं होतं? भरलेला ट्रक पूल मोडील, म्हणून तुम्ही पोती काठावर उतरवलीत. तेव्हा भावजींनी विचारलं, रिकामा ट्रक हत्तीपेक्षा हलका धरायचा का? तुम्ही म्हणालात, हलका, लहानच धरा."

"ते पुलापुरतं."

"मग आता आपण कुठं आहोत? बाजारात?"

शिवपुत्र गंगाधर भावजींकडे बघायला लागला. भावजींनी चष्मा काढून पुसला. त्यांना मित्र सोडवत नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं.

"असं करू," ते म्हणाले, "दोघांनाही पाच. खेळच आहे वहिनी, एवढं काय मनावर घ्यायचं."

मग मात्र माझा तोल सुटला. "खेळ तुमचा! हे मेले तर पुढच्या रविवारी दुसरं नाव घेऊन परत येतील. मी मेले की मेलेच. तिकडं चुलीपुढं जाऊन बसायचं मला, कायमचं. आणि तुम्ही माझ्या दोन कवड्या काढून घेताय?"

माझा आवाज गल्लीत गेला असणार. उंबऱ्यापाशी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. आता मला दंडाला धरून उठवतात, असंच मला वाटलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोती उतरवली न्हवं त्यानं?" त्या भावजींना म्हणाल्या. "मी हितंच बसले हुते. आपल्या तोंडानं म्हनला, ल्हान धरा. मग आता कसा रं मोटा झाला? सात दे तिला."

त्या सगळं ऐकत होत्या, आणि किती रविवार ऐकत होत्या देव जाणे!

शिवपुत्रनं रागानं पाच कवड्या फेकल्या. चार उताण्या पडल्या. गुरुलिंगचं शेंगा सोलणं थांबलं.

मला पाच हव्या होत्या. तळहात इतका घामेजला होता की कवड्या चिकटत होत्या. मी पदराला हात पुसला आणि टाकल्या. दोन पालथ्या. बाकीच्या मोजायला माझी नजर ठरेना.

"पाच," गुरुलिंग म्हणाला.

मी मातीच्या हत्तीनं काडेपेट्यांना रेटा दिला. दोऱ्यावरून त्या खाली घसरल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

"बरं," शिवपुत्र चपला घालत म्हणाला, "पुढच्या रविवारी नवं पात्र घेऊन येतो."

तो गेल्यावर मला रडू फुटलं. भावजी खाली मान घालून डाकू नीट लावत बसले. दिवेलागण व्हायला आली होती, चहाची वेळ कधीच टळून गेली होती. मी डोळे पुसले आणि उठायला लागले.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तू कुटं निगालीस?" त्या म्हणाल्या. "डाकू हाईत की अजून मागं. च्या मी टाकते."