पुस्तकातली ठमाबाई

वळ गावच्या मढवींच्या घरात आजवर पुस्तक म्हणून जे काही आलं ते शाळेचं, नाहीतर पोथी. त्यामुळे पुण्याहून प्रकाशकाचा खोका आला तेव्हा सीताबाईंनी तो आधी देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवला, हळदकुंकू लावलं आणि मगच विळीच्या टोकानं वरची पट्टी कापली. सून कामावर गेलेली होती. नाक्यावरच्या एका गोडाउनच्या ऑफिसात ती बिलिंग बघायची. खोका तिनं स्वतः उघडायला हवा होता, हे सीताबाईंना उघडल्यावर सुचलं. मग त्यांनी पुस्तकं होती तशी आत रचली आणि पट्टी जमेल तशी परत चिकटवली.

संध्याकाळी मृणालीनं खोका बघितला, पट्टी बघितली, खोक्यावरचं कुंकू बघितलं आणि ती हसली. वरचं एक पुस्तक काढून तिनं सासूच्या हातात दिलं. ‘उघाडी’. खाली नाव, मृणाली मनोज मढवी. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवतात त्या झडपेला त्यांच्याकडे उघाडी म्हणत. आता बांध राहिला नव्हता, शेतही राहिलं नव्हतं. तिथे पत्र्याची गोडाउनं होती आणि त्यांच्याच भाड्यावर घर चालत होतं. पण पुस्तकात सगळं जसंच्या तसं होतं म्हणे, बांध, भरती, मिठागर, सगळं.

“आता हे काय दुकानात ठेवनार?” सीताबाईंनी विचारलं.

“ठेवतील. पण लोकांना सांगायला लागेल ना, असं पुस्तक आहे म्हणून. ते आपल्यालाच करायचं.”

सून लिहिते हे सीताबाईंना लग्नाच्या पुढच्या वर्षीच कळलं होतं. घर जागं व्हायच्या आधी उठून ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायची. सुरुवातीला त्यांना वाटलं, ऑफिसचं काम असेल. मग मनोज म्हणाला, “आई, कादंबरी लिवते ती,” आणि सीताबाईंनी त्या वेळी मिक्सर लावायचं बंद केलं. एवढाच काय तो त्यांचा हातभार.

लिहून झाल्यावर जे झालं ते मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. प्रकाशनाच्या संपादिका निवेदिताबाई वरचेवर फोन करायच्या. त्यांचं म्हणणं, पुस्तकातली माणसं फार गावंढळ बोलतात, शहरातला वाचक अडखळेल, बोलणं जरा सरळ मराठीत करू या. मृणाली भाकरी थापता थापता फोन कानाला आणि खांद्याला धरून ऐकून घ्यायची. आवाज कधी चढवला नाही. एकदा फक्त म्हणाली, “ताई, ही माणसं तशी बोलतच नाहीत हो. तुम्ही म्हणता तसं बोलायला लावलं तर ती गप्पच बसतील.” त्यानंतर कित्येक आठवडे फोन आला नाही. मनोज वैतागला. “दोन शब्द बदलले तर काय बिघडेल? नाहीतर पुस्तक पडून राहायचं तसंच.” मृणाली म्हणाली, “राहू दे.” आणि उठून डबे भरायला लागली. सीताबाईंना फोनवरचं सगळं समजलं नव्हतं, पण एवढी मऊ पोर इतकी घट्ट कशी, याचं त्यांना नवल वाटलं. शेवटी निवेदिताबाईंचाच फोन आला. एक शब्द न बदलता पुस्तक छापायचं ठरलं.

प्रकाशन ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालं. सीताबाईंनी नवी नऊवारी नेसली, नथ घातली. खुर्च्या पुष्कळ होत्या आणि माणसं थोडी. मनोज उगीच एकदा पुढे, एकदा मागे बसून बघत होता, म्हणजे सभागृह जरा भरलेलं वाटेल. प्रमुख पाहुणे उशिरा आले, स्वतःच्या पुस्तकांबद्दल बोलले आणि चहा न घेता गेले. मग मृणाली उभी राहिली. वाचायला लागली तशी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पर्स मिटून मांडीवर ठेवली आणि त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

वाचून झाल्यावर एक गृहस्थ उठले. “ही ठमाबाई नावाची सासू फार जिवंत उतरलीय. स्वानुभव का?”

लोक हसले. मृणाली म्हणाली, “नाही, ती कल्पनेतली आहे.” तशी लोक आणखी हसले आणि दोघातिघांनी वळून नथवाल्या सीताबाईंकडे पाहिलं. सीताबाईंना वाटलं, कौतुकानं बघतात. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

खरा प्रकार त्यांना राहनाळ गावी एका साखरपुड्यात कळला. जेवणाच्या पंगतीला शेजारच्या गोदूबाईंची सून मेघाली वाढायला आली आणि भात वाढता वाढता म्हणाली, “काकी, तांदलाच्या कोठीची चावी अजून कमरेलाच हाय का?” आजूबाजूच्या बायका खुदखुदल्या. एकीनं तर पदर तोंडात कोंबला. सीताबाई गोंधळल्या. गोदूबाई त्यांच्या कानाशी लागल्या.

“तुला ठाव न्हाय? तुज्या सुनेच्या पुस्तकात सासू हाय, ठमाबाई. सुनेला उपाशी ठेवते, कोठीला कुलूप घालते, पाठीत लाकूड घालते. मेघालीनं वाचलंय. सगला गाव बोलतंय, ती तूच.”

सीताबाईंनी हातातला घास परत पानात ठेवला. त्यांच्या घरात कोठीला कधी कुलूप नव्हतं. सुनेवर हात उगारणं तर सोडाच, आवाजही त्यांनी कधी चढवला नव्हता. पुस्तकाला त्यांनी देवापुढे ठेवलं होतं आणि आतमध्ये हे?

घरी आल्यावर त्यांनी ताट नेहमीपेक्षा जोरात खाली ठेवलं. मृणालीनं विचारलं, “आई, कोणी काही बोललं का?”

“मना कोन काय बोलनार?”

मृणालीला कळलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात फोन वाजला. निवेदिताबाई होत्या. मृणाली गॅलरीत गेली, पण दार उघडंच होतं आणि सीताबाईंचे कान काही म्हातारे झाले नव्हते.

“हो ताई, ऐकलंय मीही. लोक बोलतात,” मृणाली म्हणत होती. “नाही. व्हिडिओ नको. सासू-सून शेजारी बसवून ‘खरी ठमाबाई कोण’ असं विचारलं तर लोक बघतील, पुस्तकं खपतील, मान्य आहे मला. पण त्या माझ्या आई आहेत. पुस्तकासाठी मी त्यांना चारचौघांत उभं करणार नाही. नाही खपलं तर नाही खपलं.”

सीताबाई आत बसून राहिल्या. ज्या पुस्तकासाठी पोर इतकी वर्षं पहाटे उठली ते नाही खपलं तरी चालेल म्हणते. राग होता तो जागेवरच थांबला. पण मग ठमाबाई कोण? दुसऱ्याच्या तोंडून किती ऐकायचं? त्यांनी ठरवलं, आपण स्वतः वाचायचं.

सातवीपर्यंतची शाळा आणि त्यानंतर फक्त पोथी. दुपारी घर रिकामं झालं की त्या चष्मा लावून ओटीवर बसायच्या, ओळीखाली बोट धरून वाचायच्या. समोरून कंटेनर जायचे, धूळ यायची, त्या पान झटकून पुढे जायच्या. ठमाबाई आली तिथे त्या सावरून बसल्या. ठमाबाई लठ्ठ होती, तिला सोन्याचा दात होता, ती ताडी प्यायची आणि सुनेला लाकडानं मारायची. सीताबाईंनी तिच्यात स्वतःला शोध शोध शोधलं. कुठेच सापडल्या नाहीत. उलट तिचा त्यांना इतका संताप आला, की एका दुपारी त्या मोठ्यानं म्हणाल्या, “मर मेले!” आणि मग ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. नुसती शाई, आणि खऱ्या बाईला शिव्या घालाव्यात तशा आपण घालतोय! कसं जमलं असेल पोरीला?

पुढे पोशा आला. उघाडी सांभाळणारा म्हातारा, मोठ्या मिशांचा, एकटा. उधाणाची भरती येते, बांध फुटायला आलाय, गावचे लोक पळताहेत आणि पोशा एकटा उघाडीच्या फळीवर पाय रोवून उभा राहून पाण्याशी बोलतो, “आलंस का वर? बस जराशी. कुटं लगीन हाय तुजं, एवडी घाई कराया?”

सीताबाईंचं बोट थांबलं. त्यांनी ओळ परत वाचली. मग पुस्तक उपडं ठेवून त्या स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. रोज सकाळी दूध वर यायला लागलं की त्या दुधाला हेच म्हणायच्या. अगदी हेच, लग्नासकट.

त्यांनी मागची पानं उलटून पोशाचं सगळं बोलणं पुन्हा वाचलं. नळाला रागावणं, मांजराला मामा म्हणणं, दुखऱ्या गुडघ्याची समजूत घालणं. सगळं त्यांचंच. फक्त नळाच्या जागी ओहोळ होता.

मृणाली कामावरून आली तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

“तो पोशा कोन गो?”

मृणालीनं चप्पल काढता काढता वर पाहिलं. “तुम्ही वाचलंत?”

“मी इचारते त्याचं सांग.”

“आई, तो काही केल्या बोलतच नव्हता,” मृणाली दारातच खाली बसली. “वर्षभर नुसता बांधावर उभा. काय लिहिलं तरी खोटं वाटायचं, फाडून टाकायची. एक दिवस तुम्ही मागे दुधाशी बोलत होतात. मी टेबलाशी होते. मी तुमचं वाक्य त्याच्या तोंडात घातलं आणि तो चालायलाच लागला.” ती थांबली. “विचारायला हवं होतं तुम्हाला. भीती वाटली. विचारलं असतं तर तुम्ही जपून बोलायला लागला असता.”

“आनी मना बाप्या केलंस?”

“मिशापण लावल्या.”

सीताबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. दोघी दारात बसून इतक्या हसल्या, की वरून मनोज बघायला आला.

“आनी ठमाबाई?” डोळे पुसत सीताबाईंनी विचारलं.

“ती खरंच कोणी नाही. माझ्या डोक्यातली.”

“लई वंगाल हाय. मना लई आवडली.”

पुढच्या आठवड्यात गावच्या महिला मंडळाची बैठक होती. मृणालीला कोणी बोलावलं नव्हतं, सीताबाईच पुस्तक घेऊन गेल्या. हळदीकुंकू झालं, तशी त्यांनी मेघालीपुढे पुस्तक धरलं. “तू वाचलंयस ना? मग वाच सगल्यांना. ठमाबाईचं नको, ते तर पाठ झालंय तुला. भरतीचं वाच.”

मेघालीनं कुरकुरत सुरुवात केली. पण पुस्तकातली माणसं तिच्याच घरात बोलतात तशी बोलत होती, त्यामुळे तिची जीभ कुठे अडखळेना. बांधावरचं पाणी चढायला लागलं तशा बायका पुढे सरकल्या. कित्येकींनी तो बांध पाहिलेला, फुटतानाही पाहिलेला. पोशा पाण्याशी बोलला आणि गोदूबाईंनी मान वर केली.

“थांब गो मेघाली. ह्यो तर आमच्या सीतेसारका बोलतंय!”

सगळ्यांनी सीताबाईंकडे पाहिलं. सीताबाईंनी नथ सारखी केली आणि म्हणाल्या, “वाच पुढं.”

त्यानंतर बायकांनी मृणालीला घरून बोलावूनच आणलं. ती ऑफिसच्याच कपड्यांत आली, जरा घाबरत. पुस्तकं कुठे मिळतील असं विचारणं झालं, घरून खोका आला. ठाण्यातल्या प्रकाशनालाही एवढ्या बायका पुस्तकाभोवती जमल्या नव्हत्या. मृणाली सतरंजीवर बसून प्रत्येकीचं नाव विचारून सही करत होती. अर्ध्याजणींना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, नातीकडून वाचून घेऊ.

गोदूबाई आपली प्रत घेऊन सीताबाईंकडे वळल्या. “तू पन कर सही. बोलनं तर तुजंच हाय.”

सीताबाईंनी पेन हातात घेतलं, सुनेच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं आणि पेन परत दिलं.

“बोलाया काय, आपन सगल्याच बोलतो,” त्या म्हणाल्या. “लिवलं तिनं.”

आणि त्या मृणालीसाठी चहा सांगायला उठल्या, कारण ऑफिसातून आल्यापासून पोरीनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.