बेवारशी पत्रे

तुलसीराम पत्र्याचं काम करायचा. बादल्या, झाऱ्या, छपराच्या पन्हळी, रॉकेलचे दिवे, सांगाल ते त्याच्या हातून सुबक उतरायचं. बेटावरच्या बों अक्योय गावात उसाच्या मळ्याला लागून त्याचं घर होतं आणि घरामागे कामाचं खोपट. बायको बसंती, थोरला सत्यदेव आणि त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेली चंद्रिका, एवढाच संसार. बसंतीच्या माहेरी पणज्यापासून सगळ्यांची हयात ऊसतोडीत गेलेली. नवऱ्याच्या हातात कोयता नाही, कात्री आहे, याचं तिला फार अप्रूप होतं.

पंच्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत गेर्वेज नावाचं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आलं तेव्हा सत्यदेव एकोणीस वर्षांचा होता. रेडिओवर शेवटचा इशारा झाला तशी बसंती चंद्रिकेला आणि म्हाताऱ्या सासूला घेऊन शाळेच्या पक्क्या इमारतीत गेली. गावातल्या बायका-पोरांनी वर्ग भरून गेले होते. बापलेक घर राखायला मागे थांबले. घरून निघताना बसंतीने मुलाला दोनदा बजावलं होतं, काही झालं तरी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

कित्येक तास वारा पिसाळल्यासारखा घोंघावत होता. मग एकदम थांबला. पानही हलेना. जाणत्यांना ठाऊक होतं, वादळाचा डोळा माथ्यावर आला की असंच होतं. थोडा वेळ सगळं शांत, आणि मग वारा उलट्या अंगाने दुप्पट जोराने येतो. शाळेत कुणी जागचं उठलं नाही. आणि वारा आलाच.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरल्यावर शेजारचा सीताराम शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. टोपी हातात घेऊन उभा होता आणि आत येत नव्हता. बसंतीला तेवढ्यावरूनच कळलं.

सत्यदेव दोन घरांमधल्या बोळात सापडला होता. कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडून आला आणि त्याच्या मानेवर बसला. तो बाहेर का गेला होता, हे तुलसीरामने सांगितलं नाही आणि त्या अवस्थेत त्याला कुणी विचारलंही नाही. बसंतीने उत्तर आपल्या मनानेच जुळवलं. पोरगा पहिल्यापासून धीट. लिचीच्या शेंड्यावर चढायचा, पुलावरून नदीत उडी टाकायचा. वारा पडला म्हणून गंमत बघायला गेला असणार. "मी दोनदा सांगितलं होतं," सांत्वनाला आलेल्या प्रत्येक बाईला ती म्हणायची. "ऐकलं न्हाई त्यानं." बायका मान हलवायच्या. तुलसीराम ओसरीवर बसून ऐकायचा.

रडण्यापेक्षा राग बरा वाटायचा तिला. रागाला धरून उभं राहता येतं.

वादळाने सगळ्या मुलखाची छपरं उसात नेऊन टाकली होती. लोक मळे तुडवत आपापले पत्रे शोधत होते, रंगावरून ओळखत होते, एखाद्या पत्र्यावरून भांडतही होते. महिनाभराने ज्यांना मालक मिळाला नाही ते वेडेवाकडे पत्रे उरले. तुलसीराम हातगाडी घेऊन जायचा आणि ते घरी आणायचा. त्यांच्याबरोबर सायकलींची मोडकी चाकं, बुड गेलेली पातेली, शिवणयंत्राचं पायडल, कारखान्यातले झिजलेले बोल्टही यायचे. बसंतीला वाटलं, ठोकून सरळ करेल आणि बादल्या करेल. त्याने कोंबडी केली.

गुडघ्याइतकी उंच कोंबडी, मान वळवून मागे बघणारी. पंख पन्हळी पत्र्याचे, तुरा फाटक्या डब्याचा. मग बकरी केली. मग डोक्यावर पाचटाचा भारा घेतलेली बाई केली, तिचा घोळदार घागरा पाच रंगांच्या पत्र्यांचा होता. सायकलवरचा पाववाला केला, पोस्टमन केला, काठी टेकून चालणारी स्वतःची आईसुद्धा केली. बादल्यांची कामं पडून राहायला लागली. गिऱ्हाइकं कमी झाली तशी बसंतीने लोकांचे कपडे शिवायला घेतले. अंगणात पत्र्याची माणसं वाढत गेली. गावात कुणी हसायचं, कुणी कौतुकाने पोरांना दाखवायला आणायचं. बसंती तिकडे बघायचीच नाही. ज्या पत्र्याने पोर नेलं त्याचीच ही माणसं, तिच्या मनात यायचं. पण ती नवऱ्याला अडवतही नव्हती. तोही बाप होता.

एकदा शांतीकाकीने, म्हणजे सीतारामच्या बायकोने, सहज विचारलं, "तुलसीरामभाऊ, सगळ्यांना केलंत, सत्याला कधी करणार?" तुलसीराम उठून खोपटात गेला तो जेवायलाही आला नाही. त्यानंतर त्याला कुणी विचारलं नाही.

अशी आठ वर्षं गेली. सासू गेली. चंद्रिका कॉलेजात जायला लागली. तिथे चित्रकला शिकवणारे यशपाल मास्तर तेर रूजहून यायचे. चंद्रिकेने त्यांना घरी आणलं. मास्तरांनी अंगणात तासभर घालवला, एकेका पुतळ्याभोवती फिरले, आणि म्हणाले की पोर्ट लुईला पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, त्यात ही माणसं जायलाच हवीत. तुलसीराम नको म्हणाला. चंद्रिका हट्टाला पेटली. शेवटी मास्तरच लॉरी घेऊन आले आणि दोऱ्यांनी बांधून बारा पुतळे घेऊन गेले.

प्रदर्शनाला बसंती गेली ती लेकीसाठी. ठेवणीतली साडी नेसली, डब्यात पुरणपोळ्या घेतल्या. मोठ्या दालनात पांढऱ्या भिंतींसमोर आपली कोंबडी आणि पाववाला पाहून ती पहिल्यांदाच थांबून बघायला लागली. पत्र्याच्या सासूचा वाकलेला खांदा इतका खरा होता की तिचा हात आपसूक आधाराला पुढे झाला. माणसाच्या हातात एवढं होतं आणि आपण आठ वर्षं पाठ फिरवून बसलो, असं तिला वाटलं. नवऱ्याला हे सांगावं म्हणून ती डबा घेऊन त्याच्याकडे निघाली.

तुलसीरामसमोर वर्तमानपत्राचा एक तरुण माणूस वही घेऊन उभा होता. तो बेटावरच्या क्रेओल बोलीत प्रश्न विचारत होता. हे कधी सुरू केलंत? सिक्लोननंतर. का? तुलसीरामने कोंबडीच्या तुऱ्यावरची धूळ पुसली. माणूस थांबून राहिला. मग तुलसीराम बोलायला लागला. माझा मुलगा त्यात गेला, म्हणाला. सकाळी शेजारच्याचं छप्पर आवळून दिलं होतं, हत्यारांची पेटी त्याच्याच ओसरीवर राहिली होती. वारा पडला तेव्हा मी मुलाला म्हणालो, पळत जा आणि घेऊन ये. तो म्हणाला, बाबा, थांबू या, रेडिओवर सांगितलंय. मी म्हणालो, मला सिक्लोन शिकवू नकोस.

"मो मेम की ती आवोय ली," तो शेवटी म्हणाला. मीच पाठवलं त्याला.

घरात तो क्रेओल कधी बोलत नसे. परक्या माणसासमोर, परक्या बोलीत त्याला ते सांगता आलं. मागे बसंती डबा धरून उभी आहे हे त्याला वळल्यावर दिसलं.

बसंतीने डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि बाहेर पडली. घराकडे जाणारी फ्लाकची बस धरली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. बसंती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या कानात एकच वाक्य फिरत होतं, तिचं स्वतःचं: ऐकलं न्हाई त्यानं. किती जणांना सांगितलं होतं तिने. दर वर्षी त्याचं पान वाढताना मनातल्या मनात त्याला रागावली होती. आईचा शब्द मोडलास आणि स्वतःही गेलास, म्हणाली होती. आणि पोर तर म्हणत होतं, थांबू या.

पुढचे दोन महिने घरात बोलणं नव्हतं. ती ताट वाढायची, तो जेवायचा. चंद्रिकेने दोघांमध्ये पडायचा प्रयत्न केला, तिलाही यश आलं नाही. तुलसीराम खोपटात जायचा, पण हातोडीचा आवाज येत नसे.

फेब्रुवारीत सत्यदेवचं श्राद्ध आलं. नेहमीसारखे भाऊबंद जमले, सीताराम आणि शांतीकाकीही आले. पानं मांडून झाली तेव्हा बसंती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पदर खोचून सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मी आठ वर्षं तुमाला सांगितलं, माझ्या पोरानं ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "ते खोटं हाय. त्यानं ऐकलं. बापानं जा म्हटलं म्हणून गेला. तो थांबू या म्हणत व्हता. आता सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा."

कुणी मान वर केली नाही. सीतारामच्या चेहऱ्यावरून बसंतीला कळलं की हत्यारांची ती पेटी त्याच्याच ओसरीवर होती हे तो कधीच विसरला नव्हता. तुलसीराम भिंतीशी बसला होता. त्याने हात जोडले, कुणाकडे बघून ते सांगता येत नव्हतं, आणि तसाच बसून राहिला. लोक जेवून गेले.

त्यानंतर चारेक दिवसांनी बसंती खोपटात गेली. इतक्या वर्षांत तिने त्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

"त्याला करा," ती म्हणाली.

"मला येत न्हाई."

"सगळ्यांना करता येतं, त्यालाच येत न्हाई?"

तुलसीरामने कोपऱ्यातलं पोतं उचललं. खाली पत्र्याचे तुकडे रचले होते, तळहाताएवढे, ताटाएवढे. बसंतीने एक उचलून उजेडात धरला. ठोकून सपाट केलेला होता, तरी नाकाची उंची कुठेशी उरली होती. दुसऱ्यावर ओठाची कड होती. तिसऱ्यावर नुसती भुवई. तिने मोजले नाहीत, पण पोत्याखालून ते बाहेर काढता काढता तिची बोटं काळी झाली.

"येतो, येतो म्हणता म्हणता निघून जातो," तो म्हणाला. "मला तो शेवटचाच दिसतो. तसा न्हाई करायचा मला."

बसंती तिथल्याच एका उलट्या बादलीवर बसली. हातातला तुकडा तिने मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "हनुवटी तुमच्या आईची. कपाळ रुंद. डावा कान जरा पुढं."

त्याने कात्री उचलली.

दोन महिने रोज दुपारी ती जाऊन बसायची. शिवणकाम मांडीवर घेऊन जायची. तो विचारायचा, ती सांगायची; खांदे किती रुंद, उभा राहताना कुठल्या पायावर भार. कधी दोघांच्या आठवणी जुळायच्या नाहीत. तो म्हणायचा केस मागे वळवायचा, ती म्हणायची कधीच नाही, कपाळावरच पडायचे. अशा वेळी चंद्रिकेला बोलवायचे, आणि तिला दोन्ही खरं वाटायचं. बसंतीचा राग गेला नव्हता. कधी बोलता बोलता ती मध्येच उठून घरात जायची, आणि तो दिवस तिथेच संपायचा. पण दुसऱ्या दिवशी ती यायची.

पुतळा उभा राहिला. पूर्ण उंचीचा, एक पाय किंचित पुढे, हात मोकळे. यशपाल मास्तर बघायला आले आणि त्याच्याभोवती तीनदा फिरले. तुलसीरामचं सगळ्यात चांगलं काम हे, असं त्यांनी नंतर चंद्रिकेला सांगितलं. पण तो सत्यदेव नव्हता. कुठलातरी एक शांत, देखणा मुलगा होता. दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही. बसंतीने त्याला मागच्या अंगणात आंब्याखाली उभं करायला लावलं, बाकीच्या माणसांपासून वेगळं.

तुलसीराम त्यानंतर तीन वर्षं जगला. नव्याने काही केलं नाही त्याने. पुन्हा बादल्या करायला लागला. शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्याची छाती भरली आणि त्याला इस्पितळात ठेवलं. बसंती रोज भाताची पेज घेऊन जायची. एका दुपारी त्याने तिचं मनगट धरलं.

"तू मला कधी काही म्हणाली न्हाईस," तो म्हणाला.

काय विचारतोय ते तिला कळलं. तिने खोटं बोलायचा विचार केला. सोपं होतं ते, आणि कदाचित तेच करायला हवं होतं.

"तुमी मुद्दाम न्हाई पाठवलं," ती म्हणाली. "पन त्याचं ऐकायला पायजे व्हतं."

तुलसीरामने डोळे मिटून मान हलवली. जणू तोही हेच म्हणत होता. हात मात्र त्याने सोडला नाही, आणि तिनेही सोडवून घेतला नाही. पेज गार झाली. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली तेव्हा बसंती उठली. दोन दिवसांनी तो गेला.

अंगणातली माणसं तिने मास्तरांना देऊन टाकली, कॉलेजच्या आवारात ठेवायला. पोस्टमन, पाववाला, कोंबडी, सासू, सगळी लॉरीत चढली. आंब्याखालच्या मुलाजवळ मास्तर थांबले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बसंतीने मान हलवून नाही म्हटलं.

लग्न होऊन माएबूर्गला गेलेली चंद्रिका अधूनमधून येते. आई दिवस कसा घालवते, असं ती शेजारी विचारते तेव्हा शांतीकाकी सांगते की दुपारी शिवणकाम घेऊन आंब्याखाली बसते आणि कधी कधी बोलत असते. चंद्रिकेला वाटलं, सत्यदेवशी बोलत असेल. एकदा ती दाराआड उभी राहून ऐकत होती. आई नवऱ्याशी बोलत होती. केस कपाळावरच पडायचे, म्हणत होती, मी सांगत होते तुमाला.